संगणकाचा कान कसा पिळावा?

तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)

रेडिओचा आवाज वाढवायचा असला की आपण त्याचा कान पिळतो. स्नेहसंमेलनात कर्णा शिट्टी मारू लागला की मंडपवाला धावत येऊन एक बटण थोडे मागे फिरवतो. पूर्वी घरोघरी पंख्याचा जो जाडजूड काळा रेग्युलेटर भिंतीवर असे, त्याची कळही अशीच फिरे. ही सारी कामे एकाच कुळातील वस्तू करीत आल्या आहेत. त्या वस्तूला पाठ्यपुस्तकात ‘बदलता रोध’ म्हणतात आणि दुकानात ‘पॉट’. विजेच्या वाटेत कमी-अधिक अडथळा उभा करायचा, आणि तो किती असावा हे माणसाच्या बोटांवर सोपवायचे, एवढेच तिचे काम.

आता प्रश्न असा की, एखादे सर्किट प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी ते संगणकावर जोडून पाहायचे असेल, तर तेथे कान कोणता पिळायचा? पडद्यावर रोधकाचे चित्र काढता येते, त्याच्यापुढे आकडा लिहिता येतो. पण लिहिलेला आकडा जागचा हलत नाही. फिरणारी वस्तू न फिरणाऱ्या आकड्यांत कशी उतरवायची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विजेच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे.

लुकलुकणारा दिवा

आमच्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग असतो. प्रयुक्तासमोर एक लहान दिवा भराभर उघडझाप करतो. वेग कमी असताना लुकलुक स्पष्ट दिसते. वेग वाढवीत नेला की एका क्षणी लुकलुक नाहीशी होते आणि दिवा अखंड पेटलेला वाटू लागतो. दिवा अर्थातच अजूनही विझत आणि पेटत असतो. आपल्या दृष्टीला ते कळेनासे होते. ज्या वेगाला हे घडते तो त्या माणसाचा, त्या परिस्थितीतला, उंबरठा. दिव्याची प्रखरता, प्रकाश डोळ्याच्या कोणत्या भागावर पडतो, माणूस थकलेला आहे की ताजा, यांवर तो बदलतो. साध्या प्रयोगात तो बहुधा ३० ते ६० हर्ट्झच्या दरम्यान सापडतो; म्हणजे सेकंदाला ३० ते ६० उघडझापी. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चित्रे दाखवी, पण प्रक्षेपकाची झडप प्रत्येक चित्र निदान दोनदा उजळवी, ते याच कारणासाठी. सेकंदाला २४ वेळाच प्रकाश पडता तर पडदा लुकलुकताना दिसला असता.

आमच्या विभागातील या प्रयोगाचे जुने उपकरण दुरुस्तीच्या पलीकडे गेले आणि नव्याची किंमत वर्षाच्या तरतुदीत बसेना. तेव्हा आम्ही तिघांनी ते स्वतः तयार करायचे ठरवले. उघडझाप घडवण्यासाठी ‘५५५’ नावाची चिप मिळते. हान्स कामेनझिंड यांनी ती १९७१ मध्ये रचली, १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही ती सर्वत्र विकली जाते. तिच्याभोवती दोन रोधक आणि एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, लावला की ती ठरावीक वेगाने चालू-बंद होत राहते. दोहोंपैकी एका रोधकाच्या जागी पॉट बसवला की वेग हाताने बदलता येतो.

सीमा पद्धतीत प्रयोगकर्ता वेग सावकाश चढवतो, मग सावकाश उतरवतो, आणि प्रयुक्त सांगतो, ‘आता स्थिर झाला’, ‘आता लुकलुकला’. म्हणजे सारा प्रयोग एका बटणाच्या फिरण्यावर उभा. बटण जर आडदांड असेल, केसभर फिरवताच वेग दहा हर्ट्झने उडी मारीत असेल, तर मिळालेला आकडा माणसाच्या डोळ्याविषयी काही सांगणार नाही. तो बटणाच्या दोषाविषयी सांगेल. म्हणून कोणता पॉट घ्यावा हे आधी पारखून घेणे आम्हांला भाग होते. ती पारख आम्ही संगणकावर केली.

पॉट म्हणजे काय

पॉट उघडून पाहिला तर आत घोड्याच्या नालासारखी एक काळी पट्टी दिसते. ही कार्बनची. तिच्या दोन टोकांना दोन पाय जोडलेले असतात. तिसरा, मधला पाय एका सरकत्या पट्टीला जोडलेला असतो. बटण फिरवले की ही सरकती पट्टी काळ्या पट्टीवरून घासत पुढेमागे जाते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध कधीच बदलत नाही. बदलते ती वाटणी. दहा किलोओहमच्या पॉटमध्ये सरकती पट्टी बरोबर मध्ये असली तर एकीकडे पाच आणि दुसरीकडे पाच. ती एका बाजूला सरकली की तीन आणि सात, एक आणि नऊ. बेरीज दहाच.

या वस्तूचा इतिहास जुना आहे. १८४१ साली जर्मन शास्त्रज्ञ योहान पोगेनडोर्फ यांनी विजेचा दाब तोलून मोजण्याची जी रीत काढली, तिच्यातून ‘पोटेन्शिओमीटर’ आला; ‘पॉट’ हे त्याचेच लाडके संक्षिप्त नाव. मूळ साधन मापनाचे, पण नाव चिकटले ते नियंत्रणाच्या बटणाला. दोन वर्षांनी, १८४३ मध्ये, इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी ‘ऱ्हिओस्टॅट’ची माहिती प्रसिद्ध केली. आज तीनही पाय वापरले तर पॉट आणि दोनच पाय वापरले तर ऱ्हिओस्टॅट, असा भेद करतात. वस्तू तीच, जोडणी निराळी. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

ज्याला हात नाही असा कार्यक्रम

सर्किटची गणिते सोडवणाऱ्या संगणक-कार्यक्रमांचा मूळपुरुष म्हणजे ‘स्पाइस’. अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तो तयार केला आणि १९७३ साली तो जगापुढे आला. त्याचा आधीचा अवतार रोनाल्ड रोरर यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला होता, ही गोष्ट आपणां विद्यार्थ्यांना विशेष आवडावी. चिपमधले भाग इतके सूक्ष्म की, ते सुटे घेऊन फळीवर जोडून पाहणे व्यर्थ. म्हणून कागदावरच्या सर्किटचे वर्तन गणिताने काढण्याची गरज पडली. विद्यापीठाने हा कार्यक्रम इतरांना मुक्तहस्ते दिला. आजचे एलटीस्पाइस, एनजीस्पाइस इत्यादी कार्यक्रम त्याच घराण्यातले.

त्या काळी सर्किटचे वर्णन छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहून देत. एका कार्डावर एक भाग: हा रोधक, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, किंमत अमुक. कार्डांचा गठ्ठा यंत्रात घालायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. यंत्र किरखोफ यांचे नियम घेऊन प्रत्येक बिंदूपाशी किती विजेचा दाब आहे हे काढी. आज कार्डे गेली, पण आतली रीत तीच आहे. चित्र कितीही रंगीत काढले तरी आत त्याची अशी यादीच होते.

या यादीत रोधकाला दोनच टोके असतात. मूळ स्पाइसच्या भागांत रोधक आहे, धारित्र आहे, ट्रान्झिस्टर आहे. पण तीन पायांचा पॉट नाही. गणित चालू असताना मध्येच कोणी बटण फिरवील, ही कल्पनाच त्या गठ्ठ्याच्या जगात बसत नव्हती. मल्टिसिम किंवा प्रोटियस यांसारख्या कार्यक्रमांत पडद्यावर फिरवता येणारा पॉट दिसतो खरा. पण तोही गणितासाठी साध्या रोधकांतच उतरवावा लागतो. तेव्हा ते उतरवणे आपणच शिकून घेतलेले बरे.

एकाचे दोन

युक्ती सोपी आहे, आणि पॉटच्या पोटातली वाटणी लक्षात असली की ती आपोआप सुचते. एका पॉटच्या जागी दोन रोधक एकापुढे एक लावायचे. दोहोंचा जोड जेथे होतो तो मधला पाय. बटण कोठे आहे हे सांगणारी एक संख्या घ्यायची. तिला आपण ‘क्ष’ म्हणू. बटण एका टोकाला असताना क्ष शून्य, दुसऱ्या टोकाला एक, मध्यावर अर्धा. मग खालच्या रोधकाची किंमत ‘एकूण रोध गुणिले क्ष’ आणि वरच्याची ‘एकूण रोध गुणिले (१ वजा क्ष)’ अशी लिहायची. क्ष काहीही असो, बेरीज एकूण रोधाइतकीच राहते. एक अक्षर बदलले की दोन्ही रोधक एकदम बदलतात. हेच आपले बटण.

एलटीस्पाइसमध्ये क्षची ओळख ‘पॅरॅम’ या आज्ञेने करून देतात आणि ‘स्टेप’ या आज्ञेने त्याला एकामागून एक किंमती देतात: ०.१, ०.३, ०.५, ०.७, ०.९. कार्यक्रम पाच वेळा सर्किट सोडवतो आणि पाच रेषा एकाच आलेखावर काढून देतो. एनजीस्पाइसमध्ये हेच काम ‘ऑल्टर’ या आज्ञेने फेरा घालून करता येते. (टंकताना ही नावे अर्थातच रोमन लिपीत.)

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ‘स्टेप’ बटण फिरवीत नाही. ती पाच वेगवेगळी, प्रत्येकी स्थिर अशी सर्किटे सोडवते. पाच छायाचित्रे आणि एक चलच्चित्र यांत जो फरक, तोच येथे. बटण फिरत असतानाच काय होते हे पाहायचे असेल, तर क्षला काळाशी बांधावे लागते: क्ष म्हणजे ‘गेलेला वेळ भागिले २०’ असे लिहिले की, बटण वीस सेकंदांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. सीमा पद्धतीतला सावकाश चढता क्रम हा असा संगणकावर उतरतो.

दुसरी गोष्ट टोकांची. क्ष बरोबर शून्य केला तर एका रोधकाची किंमत शून्य ओहम होते. स्पाइसच्या गणितात रोधाने भागावे लागते, आणि शून्याने भागणे संगणकालाही जमत नाही. काही कार्यक्रम तेथे अडतात, काही गुपचूप स्वतःच्या मनाची एखादी लहान किंमत धरतात. उपाय असा की, प्रत्येक रोधकात एखादा ओहम आपणच मिळवून ठेवावा. ही काही लबाडी नव्हे. खऱ्या पॉटचे बटण टोकाला नेले तरी पायांचा आणि घासत्या पट्टीचा थोडा रोध शिल्लक राहतोच. शून्य आदर्श आहे, ओहम वस्तुस्थिती आहे.

अर्धे फिरवले म्हणजे अर्धे मिळते का?

नऊ व्होल्टच्या बॅटरीवर दहा किलोओहमचा पॉट तीनही पायांनी जोडला आणि बटण मध्यावर ठेवले, तर मधल्या पायावर ४.५ व्होल्ट मिळतील, असे कोणीही सांगेल. मधल्या पायाला काहीच जोडलेले नसेल तोवर ते खरेही आहे. पण पॉट लावतो तो पुढे काहीतरी चालवण्यासाठी. समजा, पुढे जे आहे त्याचा रोध दहा किलोओहम आहे. आता खालच्या पाच किलोओहमला शेजारी दहा किलोओहमची दुसरी वाट फुटली. दोन्ही मिळून रोध उरतो ३.३३ किलोओहम, वर पाच तसेच. हिशेब केला तर मधल्या पायावर ४.५ ऐवजी ३.६ व्होल्ट येतात. बटण मध्यावर, पण उत्तर मध्यावर नाही. संगणकावर पुढचा रोधक जोडायला विसरणारा ४.५ वाचून समाधान मानील.

याहून मनोरंजक गोष्ट आवाजाच्या बटणाची. ती कलाशाखेच्या हद्दीतली आहे. गुस्टाव्ह फेक्नर यांनी १८६० साली आपल्या ग्रंथात मांडलेला नियम आपण अभ्यासतो: उद्दीपक ठरावीक पटीने वाढला तर संवेदना ठरावीक पायरीने वाढते. नियम सर्वत्र काटेकोर लागू पडत नाही, तरी कानाची चाल साधारण अशीच आहे. म्हणून आवाजाला सरळ चालीचा पॉट लावला तर बटण थोडे फिरवताच आवाज एकदम मोठा होतो आणि उरलेल्या फेऱ्यात फारसा फरक जाणवत नाही. कारखानदार यासाठी निराळ्या चालीचा, ‘लॉग’ पॉट बनवतात. तो मध्यावर असताना रोधाचा निम्मा भाग न देता दहा ते पंधरा टक्केच देतो. दुकानातल्या पॉटवर आज बहुधा ‘बी’ अक्षर असते ते सरळ चालीचे, ‘ए’ असते ते लॉग चालीचे. मानसशास्त्राचा एक नियम असा पॉटच्या काळ्या पट्टीवर ओतला गेला आहे.

संगणकाला ही चालही सांगावी लागते, कारण त्याला कान नाही. क्ष सरळ न वापरता असे करावे: ८१ चा क्ष-वा घात घ्यावा, त्यातून १ वजा करावा आणि ८० ने भागावे. क्ष शून्य असताना उत्तर शून्य येते आणि एक असताना एक. क्ष अर्धा असताना ८१ चे वर्गमूळ ९, त्यातून एक गेला आठ, भागिले ८०, म्हणजे एक दशांश. लॉग पॉटला हेच हवे होते.

आमच्या दिव्याचा हिशेब

आता लुकलुकीकडे येऊ. ५५५ चा वेग काढायचे सूत्र असे: १.४४ भागिले (पहिला रोधक अधिक दुसऱ्याची दुप्पट) गुणिले धारित्र. पहिला रोधक १ किलोओहम, धारित्र १ मायक्रोफॅरड, आणि दुसऱ्याच्या जागी १० किलोओहमचा स्थिर रोधक व त्याच्यापुढे पॉट, ऱ्हिओस्टॅट पद्धतीने, अशी आमची मांडणी होती. सहज मिळतो म्हणून प्रथम १०० किलोओहमचा पॉट संगणकावर लावून पाहिला.

एका टोकाला वेग ६.५ हर्ट्झ, दुसऱ्या टोकाला ६८.६ हर्ट्झ. ऐकायला उत्तम, हवे ते ३० ते ६० हर्ट्झ त्यात आले. पण क्षला मध्यल्या किंमती दिल्या तेव्हा खरे रूप दिसले. बटण मध्यावर असताना वेग फक्त ११.९ हर्ट्झ होता! वेग रोधाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे फेऱ्याचा पहिला निम्मा भाग पाच-सहा हर्ट्झमध्ये खर्च होतो आणि बाकी सारे दुसऱ्या निम्म्यात कोंबले जाते. ३० हर्ट्झला पॉटमध्ये १३.५ किलोओहम लागतात, ६० हर्ट्झला १.५. म्हणजे ज्या टापूत प्रयोग घडायचा, तो शंभरांतल्या अवघ्या बारा किलोओहममध्ये. साधा पॉट सुमारे २७० अंश फिरतो. त्यांतले ३२ अंश आमच्या वाट्याला. एवढ्याशा कोनात चढता आणि उतरता क्रम सावकाश घेणे मानवी बोटांना अशक्य.

मग २२ किलोओहमचा पॉट लावून पाहिला. आता एका टोकाला २२.२ हर्ट्झ, मध्यावर ३३.५, दुसऱ्या टोकाला तेच ६८.६. ३० ते ६० चा टापू अजूनही बाराच किलोओहमचा, पण आता बावीसांतला. म्हणजे फेऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग, जवळजवळ १४७ अंश. नको असलेला सहा ते बावीस हर्ट्झचा प्रदेश गेला आणि हव्या प्रदेशाला ऐसपैस जागा मिळाली. बटणाची किंमत तीच, प्रयोगाची किंमत वाढली.

तो प्रदेश जाण्यात आणखी एक हित होते. झगमगणाऱ्या प्रकाशाने काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि सेकंदाला पंधरा ते पंचवीस उघडझापींचा टापू त्यांत विशेष धोक्याचा मानतात. आमच्या उपकरणातूनही हा धोका पूर्ण गेलेला नाही. म्हणून प्रयुक्ताला बसवण्यापूर्वी त्याला किंवा घरात कोणाला असा त्रास आहे का, हे विचारलेच पाहिजे, आणि असेल तर त्याला या प्रयोगातून वगळले पाहिजे.

शेवटची पारख खोटेपणाची. पॉटवर २२ लिहिलेले असले तरी आत बरोबर २२ असतील असे नाही. साध्या कार्बन पॉटमध्ये वीस टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे १७.६ पासून २६.४ पर्यंत काहीही. या दोन्ही किंमती घालून पाहिल्या तेव्हा खालचे टोक २५.६ आणि १९.५ हर्ट्झ आले, दोन्ही चालण्याजोगी. धारित्राचे मात्र तसे नव्हते. वीस टक्क्यांनी मोठे धारित्र आले तर वरचे टोक ६८.६ वरून ५७ वर घसरते आणि साठ हर्ट्झचा प्रयुक्त हातचा जातो. दहा टक्क्यांच्या फिल्म धारित्राने ते ६२ च्या खाली जात नाही. म्हणून काटकसर पॉटमध्ये चालेल, धारित्रात चालणार नाही, हा निर्णय एकही वस्तू विकत न घेता झाला. ज्या गावाहून मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ गाठायला दिवस मोडतो, तेथे या निर्णयाचे मोल कळते.

पडद्यावर धूर निघत नाही

एवढे कौतुक केल्यावर या साधनाची मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे.

समजा, अर्ध्या वॅटचा एक किलोओहमचा पॉट ऱ्हिओस्टॅट म्हणून घेतला आणि त्यातून नऊ व्होल्टवर एक एलईडी पेटवला. एलईडी स्वतःसाठी दोन व्होल्ट घेतो, सात व्होल्ट पॉटवर पडतात. बटण शंभर ओहमवर आणले की ७० मिलिअँपिअर वीज वाहते आणि पॉटमध्ये ०.४९ वॅट उष्णता निर्माण होते. अर्ध्या वॅटच्या आतच आहे, असे वाटेल. पण तो अर्धा वॅट साऱ्या पट्टीला मिळून आहे. येथे पट्टीचा दहावा भागच काम करतो आहे आणि त्याच्या वाट्याला ०.०५ वॅटच येतो. त्याच्यावर दसपट भार पडला. प्रत्यक्षात एलईडी आणि पट्टी दोन्ही जळतील. संगणक मात्र ७० मिलिअँपिअरची स्वच्छ रेषा काढून देईल. त्याला खूण म्हणून वासही येणार नाही.

शक्तीचा आलेख मागितला तर तो देतो. पण मागावा लागतो, आणि ती पट्टीच्या किती भागावर पडते आहे हे आपणच जाणावे लागते. उपाय जुनाच आहे: पॉटपुढे एक स्थिर रोधक लावावा. ३९० ओहमचा लावला तर बटण अगदी टोकाला नेले तरी वीज १८ मिलिअँपिअरच्या वर जात नाही. आमच्या ५५५ मध्ये दहा किलोओहमचा रोधक वेगाचे वरचे टोक बांधून ठेवतो, तर एक किलोओहमचा चिपचे रक्षण करतो. त्या पहिल्या रोधकाच्या जागी पॉट लावून तो शून्यावर नेला असता तर चिपच्या सातव्या पायावर थेट बॅटरीचा दाब आला असता आणि चिप गेली असती.

तशीच जुन्या रेडिओची खरखर. पट्टी झिजली, धूळ बसली की बटण फिरवताना कर्रकर्र आवाज येतो. आपल्या दोन नीटस रोधकांच्या संगणकी पॉटला म्हातारपण नाही. ते हवे असेल तर तेही आपणच लिहून द्यावे लागेल.

हाताशी काय आहे

हे सारे करण्यासाठी पैसे लागत नाहीत. एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइस विनामूल्य आहेत. आपल्या पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने एनजीस्पाइस आणि कायकॅड यांच्या आधारे ‘ई-सिम’ हा मुक्त कार्यक्रम तयार केला आहे. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाचे अनेक धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. ज्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा नाही, तेथेही एक साधा संगणक असला की विजेची प्रयोगशाळा उघडता येते.

मला या उद्योगातून जे मिळाले ते असे. हातातले बटण आपण विचार न करता फिरवतो. तेच बटण संगणकाला समजावून सांगताना मात्र प्रत्येक गोष्ट उच्चारावी लागते: टोकाला किती उरते, चाल सरळ की वाकडी, पुढे भार कोणता, वस्तू किती खोटी निघू शकते, किती उष्णता सोसते. यांतले जे सांगितले नाही ते संगणकाच्या उत्तरात येत नाही, आणि तरीही उत्तर पूर्ण दिसते. आमच्या विषयात प्रश्नावली तयार करताना सर हेच बजावतात: न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माणूस देत नाही. संगणकही देत नाही. माणूस निदान एखादे वेळी जाता जाता सांगून टाकतो.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सुचवावेसे वाटते की, आपल्या प्रयोगाच्या उपकरणातले बटण ही विज्ञानशाखेवाल्यांची बाब समजून सोडून देऊ नये. त्या बटणाच्या फेऱ्यातूनच आपले निष्कर्ष बाहेर पडतात. दोन रोधक, एक क्ष आणि एक रिकामी दुपार एवढे भांडवल पुरते. ज्यांना आमच्या दिव्याची मांडणी पाहायची असेल त्यांनी विभागात अवश्य यावे. आकडे घेऊन तपासावेत, आणि आम्हांला न सुचलेला एखादा प्रश्न विचारावा.